बटरबॉक्स

माझा इंग्रज जावई हम्फ्री मला पहिल्या दिवसापासून ‘बटरबॉक्स’ म्हणायचा. लग्न होऊन मी हॉलंडहून इथे इंग्लंडात कोल्चेस्टरला आले, तीस वर्षं आमच्या डच गल्लीत मागावर कापड विणलं, पण इंग्रजी शिकले ती बाजारापुरती. म्हणून लेकीला विचारलं, “काय गं म्हणतो हा?”

“लोण्याचा डबा,” मायकेन म्हणाली. “लाडानं म्हणतो गं, आई.”

आम्हा डच माणसांचा जीवच लोण्यात, त्यात वाईट ते काय! मी आपली हुरळून गेले. आमच्या चर्चमध्ये बायकांना मिरवून सांगितलं. एकीनं मान खाली घातली, तर मला वाटलं, जळते मेली.

त्या वर्षी इंग्रजांचं हॉलंडशी युद्ध पेटलं. उन्हाळ्यात सरायच्या अंगणात नाटकवाले आले. मायकेन म्हणाली, “तू नको येऊस, तुला काही कळायचं नाही.” मी हट्टानं गेलेच, आणि तिच्या शेजारी बसले; पलीकडे हम्फ्री होता.

नाटकात एक डच व्यापारी आला. पोटाला उशी बांधलेली, तोंडाला लोणी फासलेलं, मुलखाचा भित्रा आणि दारुडा. “चल हट, बटरबॉक्स!” असं ओरडून नायकानं त्याच्या ढुंगणावर लाथ घातली. अख्खं अंगण खिदळलं. तो उठला की पुन्हा लाथ, पुन्हा तोच शब्द. शेवटी तर नटाच्या आधी लोकच ओरडायला लागले.

मायकेनही ओरडत होती. नवऱ्यापेक्षा मोठ्यानं.

आमच्या भाषेत मी म्हणाले, “तुला ठाऊक होतं ना गं, मायकेन?”

ती पांढरीफटक पडली. पुढच्या बाकावरची बाई गर्रकन वळली. “ही डच म्हातारी तुझी कोण गं?”

“कुणी नाही,” मायकेन म्हणाली. “कुठून येऊन बसलीय कोण जाणे.”

“काय गं ए, खरं का?” बाईनं मला दरडावलं. आजूबाजूची चार टाळकी वळली. त्यातल्या एकाचा भाऊ आमच्या लोकांच्या तोफेनं मेला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

अस्सा संताप आला! नऊ महिने पोटात वागवलेली पोर ही. एक शब्द बोलले असते, तर गावानं तिचा संसार तिथल्या तिथे उधळला असता. मायकेन माझ्याकडे बघतही नव्हती.

“खरं आहे,” मी म्हणाले. “मी हिला ओळखत नाही.”

मायकेननं सुटकेचा श्वास सोडला, आणि मी उठून घरी आले.