मेनिरची उमेदवारी

“मागे हो, मेनिर. पिवळ्या रेषेच्या मागे.”

“मला शिकवतोस? ही रेषा किती वेळा मी पुसलीय, माहितीये ना?”

“तेव्हा तू ड्रायव्हर होतीस. आता प्रवासी आहेस. जा, बस जा.”

ती बसली, पण पहिल्याच सीटवर, आणि मान पुढे काढून बोलत राहिली. कार्डिफच्या खाडीजवळच्या थांब्यावर संध्याकाळी ती माझ्या बसमध्ये चढायची आणि ईलीपर्यंत तिचं तोंड थांबायचं नाही. खाडीजवळ रेडिओ, टीव्ही, बातम्या सगळं एकाच छपराखाली चालवणारी मोठी संस्था आहे. तिच्या वेबसाइटची पानं बनवायला मेनिर शिकाऊ उमेदवार म्हणून लागली होती. पन्नाशी उलटलेली, दोन नातवंडांची आजी, आणि गळ्यात ओळखपत्र, त्यावर ‘शिकाऊ’ असं ठळक छापलेलं. डेपोत आम्ही खूप हसलो होतो. गुडघ्यांनी बस सोडायला लावली तेव्हा तिला आराम करायला सगळ्यांनी सांगितलं होतं. तिने लेकीच्या लॅपटॉपवर अर्ज भरला.

“आज काय शिकलीस?” मी विचारलं.

“आज हिबाने माझं पान लहान फोनवर उघडलं. अर्ध्या अक्षरांचे पाय कापलेले. मी म्हटलं, माझ्या फोनवर तर छान दिसतं. तर ती म्हणाली, जगात फक्त तुझाच फोन आहे का?”

हिबा म्हणजे तिची शिकवणारी. बंदरावरच्या जुन्या सोमाली घरातली, मेनिरच्या धाकट्या लेकीच्या वयाची. पण तिथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात.

विक्टोरिया पार्कजवळ सिग्नल पडला. मी ब्रेक दाबला. आरशात बघितलं तर मेनिरचा उजवा पायही जमिनीत रुतलेला. बस सोडून वर्ष होत आलं होतं, तरी तिचा पाय माझ्या गाडीला ब्रेक लावायचा.

“हळू दाब रे,” ती म्हणाली. “म्हातारी माणसं असतात गाडीत.”

“म्हणूनच दाबतो. जागी राहतात.”

त्याच आठवड्यात शुक्रवारी मी निवृत्त होणार होतो. हे मी फक्त तिलाच सांगितलं होतं. डेपोत साहेबांना माहीत होतं, पण समारंभ नको, केक नको, म्हणून मी त्यांना गप्प बसवलं होतं. शेवटची फेरी करायची, किल्ली टेबलावर ठेवायची आणि चालत घरी जायचं, एवढाच माझा बेत.

बुधवारी दुपारी वाटेतल्या कॅन्टनच्या थांब्यावर बेरिल चढली. ती तिची भाजीची चाकांची पिशवी घेऊन रोज चढते आणि रोज बसच्या पासवरचा फोटो माझ्या नाकासमोर धरते. त्या दिवशी पास काढलाच नाही. नुसतीच बघत राहिली.

“शुक्रवारी ना, इडवल?”

“काय शुक्रवारी?”

“बातमीत आलंय की. माझ्या भाच्याने पाठवलं.”

मला वाटलं म्हातारी झोपेत आहे. मग पुढच्या थांब्यावर एक शाळामास्तर म्हणाला, “शुक्रवारनंतर मग धक्के कोण देणार आम्हाला?” त्याच्या मागच्या पोरी हसल्या. उतरताना लोक नेहमीप्रमाणे ‘चीअर्स, ड्राइव’ म्हणून आभार मानत होते, पण आज जरा थांबून, तोंडाकडे बघून.

संध्याकाळी मेनिर चढली ती रेषेच्या पुढेच उभी राहिली, आणि मी तिला मागे जा म्हणालो नाही. तिचा चेहरा पाव भाजायच्या आधीच्या पिठासारखा झाला होता.

“गेली माझी नोकरी, इडवल.”

“बस आधी.”

“बसवत नाही. ऐक. मी तुझं नाव बातमीत घातलं.”

मी गाडी काढली. कधी कधी गाडी चालू असली की ऐकायला सोपं जातं.

तिने जे सांगितलं ते असं. कार्डिफच्या पानावर ‘आपल्या भागातून’ अशी एक पट्टी बनवायचं काम तिला दिलं होतं. तिचं पहिलं स्वतःचं काम. त्या पट्टीत बातम्या दुसरीकडून येतात. त्या यायला उशीर झाला तर जागा रिकामी दिसू नये, आणि लांबलचक मथळा लहान फोनवर कसा मोडतो तेही बघता यावं, म्हणून तिने एक नमुन्याचा मथळा तिथे बसवला होता. हिबाने सांगितलं होतं, नमुन्याला काहीतरी निरर्थक लिही, अबकड लिही. पण मेनिरला अबकड बघून काम करायचा कंटाळा यायचा. तिने लिहिलं: ‘इडवल बेनन शुक्रवारी शेवटची बस चालवणार, कॅन्टनपासून ईलीपर्यंतच्या प्रवाशांना आता ब्रेकचे धक्के कोण देणार?’

नमुना काढायचा राहिला. पट्टी खऱ्या पानावर गेली. दुपारी खऱ्या बातम्यांची गाडी उशिरा आली, आणि मोकळ्या जागेत इडवल बेनन जाऊन बसला. जेवणाच्या सुट्टीत. अख्खं शहर फोन हातात धरून सँडविच खात असताना.

“किती वेळ होतं ते?”

“चहा गार व्हायला लागतो तेवढा. पण कोणीतरी त्या पानाचा फोटो काढून सगळीकडे पाठवला ना.” ती सीटवर टेकली. “उद्या सकाळी बैठक आहे. माझ्या चुकीवर. पुढच्या महिन्यात कायम करायचं की नाही ते ठरणार होतं, इडवल. आता काय ठरणार?”

आमच्या डेपोत गाडीला नुसता ओरखडा आला तरी पहिला प्रश्न ‘कोण होतं गाडीवर?’ असाच. मी आयुष्यभर तोच प्रश्न ऐकला. मी म्हणालो, “मथळा बरा होता.”

“मथळा उत्तम होता,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

त्या रात्री शेजारच्या मुलाने मला तो फोटो दाखवला. मी चाळिशीनंतर वाचायला शिकलो, आणि शिकवलं मेनिरनेच, डेपोतल्या चहाच्या सुट्ट्यांमध्ये, थांब्यांच्या पाट्यांवरून. आधी ‘ईली’, कारण ते छोटं. मी तो मथळा बोट ठेवून वाचला. माझं नाव मी पगाराच्या पावतीवर पाहिलं होतं, औषधाच्या बाटलीवर पाहिलं होतं. असं नव्हतं पाहिलं. मी पुन्हा एकदा वाचला.

गुरुवारी संध्याकाळी मेनिरची वाट बघताना मी एका थांब्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ थांबलो. ती धावत आली. गुडघे दुखणारी बाई धावत आली.

“काय झालं?” मी दार लागायच्या आधीच विचारलं.

“थांब, आधी मागे जाते. रेषेच्या मागे.” ती हसत होती. मग सीटवर बसून तिने सगळं सांगितलं.

बैठकीला सगळी टोळी गोल बसली होती. हिबाने फळ्यावर लिहिलं: काय झालं? कसं झालं? पुन्हा कसं होणार नाही? मेनिर उभी राहिली आणि म्हणाली, “मी केलं.”

“ते कुणी विचारलंच नाही,” हिबा म्हणाली. “खाली बस.”

“पण मीच केलं.”

“मेनिर, ते काम मी तपासलं होतं. मलाही दिसलं नाही. मग मीही केलं. आता बसतेस?”

मग त्यांनी तासभर नमुना आत कसा राहू शकला त्याचाच विचार केला, आणि असा नमुना यापुढे यंत्रच अडवेल अशी सोय ठरवली. ती सोय बनवायचं काम मेनिरलाच दिलं. शेवटी हिबाने पेन खाली ठेवलं.

“एक विचारायचं राहिलं. बातमी खरी आहे का?”

“खरी आहे.”

“आणि ब्रेकचं?”

“ते तर जास्तच खरं आहे.”

तेव्हा कोपऱ्यातला एक जण उठला आणि त्याने फळीवरची पितळी घंटा खाली काढली. कुठल्याशा जुन्या बोटीची घंटा. त्यांच्याकडे रीत आहे: पहिल्यांदा कुणी खरं पान बिघडवलं की त्याच्या नावाने ती वाजवायची. ज्याची घंटा वाजली नाही तो अजून पाहुणा. मेनिरला वाटायचं ही घंटा शोभेची आहे. हिबाने ती तिच्या डोक्यावर धरून अशी बडवली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारायला आलं.

“आणि नोकरी?”

“कायम व्हायचा अर्ज दे म्हणाली. ‘ज्याची घंटा वाजली त्याला मी सोडत नाही, नवा माणूस शिकवणं महाग पडतं,’ म्हणाली. पण उद्या सगळ्यांना केक खायला घालायचे. तीही रीत.” तिने पिशवी उघडली. आत पीठ, मनुका आणि लोणी. “तव्यावरचे करते. तुझ्यासाठी चार वेगळे ठेवते. जास्त मागू नकोस.”

शुक्रवारी माझी शेवटची फेरी संध्याकाळचीच होती. खाडीजवळच्या थांब्यावर मी दार उघडलं आणि लोक चढतच राहिले. मेनिर चढली. तिच्यामागे डोक्यावर निळा रुमाल बांधलेली एक उंच मुलगी चढली.

“ही हिबा.”

“धक्के बघायला आलेय,” हिबा म्हणाली. “तपासल्याशिवाय मी काही मान्य करत नाही.”

शहराच्या मध्यात शाळामास्तर चढला. कॅन्टनला बेरिल चढली, पिशवी न घेता. तिला कुठेही जायचं नव्हतं. तिचं घर तर तिथेच आहे. डेपोतले तिघे पुढच्या थांब्यावर उभे होते, गणवेश उतरवून, केस विंचरून. कुणी भाषण केलं नाही. कुणीतरी डबा फिरवत होतं आणि बसभर भाजलेल्या लोण्याचा वास सुटला होता. खाण्याला मनाई असल्याची पाटी माझ्या डोक्यावरच होती. ती मला आता वाचता येते, पण त्या दिवशी नाही आली.

विक्टोरिया पार्कचा सिग्नल पिवळा झाला. जाता आलं असतं. मी ब्रेक दाबला, नेहमीसारखा. बसभर माणसं पुढे झुकली, मागे आली, आणि एकदम ओरडली, जसा काही सामन्यात गोल झाला. हिबाच्या हातातला केक सीटखाली गेला.

“बातमी खरी आहे,” ती म्हणाली.

ईलीच्या शेवटच्या थांब्यावर दुकानांची एक ओळ आहे आणि बस वळायला मोकळी जागा. तिथून पुढे ही बस जातच नाही. तिथे थांबायला कुणी बेल मारत नाही, कधीच नाही. मी वेग कमी केला.

मागे बेल वाजली.

मी आरशात बघितलं. मेनिर खांबाला धरून उभी होती, अंगठा लाल बटणावर, उजवा पाय सैल सोडलेला. मी डावा दिवा लावला, आणि गाडी इतकी हळू थांबवली की कुणाच्या हातातला चहाही हलला नसता.