ऑन मास्तर

देवाजी मास्तर टेबलावर उभे होते. पायातले जोडे त्यांनी खाली काढून ठेवले होते आणि धोतराचा सोगा एका हातात धरला होता.

"व्हेअर इज द टीचर?" त्यांनी वरूनच विचारले.

"द टीचर इज ऑन द टेबल," पाचवीचा अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. शेजारच्या वर्गात भूगोल शिकवणाऱ्यांनी खडू खाली ठेवला. पाचपावली वस्तीतल्या त्या शाळेत दरवर्षी दिवाळीच्या आधी हा 'ऑन'चा आठवडा यायचा आणि त्यांनाही आता सवय झाली होती.

मास्तर उतरले. टोपी ऑन द टेबल झाली, नकाशा ऑन द वॉल झाला. मग त्यांनी छडीने वर दाखवले. छताला एक पाल उलटी चिकटलेली होती. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली.

"मास्तर, पाल तं छताच्या खालती हाये. मंग ऑन काहून?"

हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारायचे आणि दरवर्षी मास्तर त्याची वाट पाहायचे. "टेकून हाये ना ते? टेकलं का ऑन. वरून टेको, बाजूनं टेको, नाही तं उलटं लटको."

मग ऑन संडे यायचे, ऑन ड्यूटी यायचे, ऑन लीव्ह यायचे. रविवारला नेमके काय टेकते, असे शिक्षकांच्या खोलीत कोणी छेडले की मास्तर गंभीरपणे म्हणायचे, "सुटी टेकते." एका एवढ्याशा शब्दावर आठवडा घालवणारा माणूस म्हणून सगळी वस्ती त्यांना 'ऑन मास्तर' म्हणायची. ते त्यांच्या कानावर होते आणि त्यांना त्याचे वाईट वाटत नव्हते.

त्यांचा नियम एकच होता. उत्तर पूर्ण वाक्यात पाहिजे. नुसते 'ऑन द टेबल' म्हटले की मास्तर कानाला हात लावून वाकायचे आणि म्हणायचे, "पूर्ण वाक्यात." लघवीला जायचे असले तरी पूर्ण वाक्य लागायचे, आणि त्या वाक्याच्या मधोमध काही पोरांची फजितीही झालेली होती. पण मास्तर हटायचे नाहीत. तरुणपणी ते रेल्वेत नोकरी मागायला गेले होते. साहेबाने चार प्रश्न विचारले आणि चारही वेळा त्यांच्या तोंडून 'येस सर' एवढेच निघाले. आपल्या वस्तीतले लेकरू कोणासमोर असे अर्धवट उभे राहणार नाही, हे त्यांनी त्या दिवशी मनात पक्के केले होते.

घरी बोलायचे काम त्यांच्या बायकोकडे, बायजाबाईकडे होते. ती भाजीवाल्याशी बोलायची, शेजारणीच्या कोंबड्यांशी बोलायची, चुलीशीसुद्धा बोलायची. मास्तर शाळेतून थकून आले की म्हणायचे, "बायजे, जरा दम खाय वं." ती दम खायची नाही. मास्तरही खरे तर ऐकत नसत, पण त्या आवाजात त्यांना झोप छान लागायची.

एके दिवशी ती नळावर पाणी भरताना कोसळली. पाण्याचा हंडा एकीकडे, ती एकीकडे. मेडिकलच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितले, लकवा आहे, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. "पण वाचा येऊ शकते," ते म्हणाले. "त्यांना बोलतं करा. रोज काहीतरी विचारत जा."

विचारणे म्हणजे मास्तरांचा हातखंडा. बायजाबाईला घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी शाळेतून लाकडी खोका आणि लाल चेंडू आणला. तिच्या खाटेसमोर स्टुलावर खोका ठेवला, त्यावर चेंडू ठेवला आणि विचारले, "चेंडू कुठं हाये?" बायजाबाईने आधी चेंडूकडे पाहिले, मग मास्तरांकडे. किडके वांगे दाखवणाऱ्या भाजीवाल्याकडे ती असेच पाहायची.

कामठीला दिलेली त्यांची मुलगी, प्रेमलता, दर रविवारी बसने यायची. तिने हा प्रकार पाहिला आणि म्हणाली, "बाबा, आई का पाचवीत हाये?"

"मले शिकवाचं तं एवढंच येते," मास्तर म्हणाले.

रोज सकाळी ते विचारत राहिले. ती गप्प राहिली. घरात इतकी शांतता कधी नव्हती आणि मास्तरांची झोप उडाली. तिचा आवाज आता कधीच ऐकू येणार नाही की काय, या भीतीने ते रात्री उठून तिचा श्वास ऐकत राहायचे.

थंडी सुरू झाली तेव्हा ते तिची खाट अंगणातल्या उन्हात काढू लागले. एका सकाळी तिला पेज भरवून झाल्यावर त्यांनी वाटी स्टुलावर ठेवली आणि नेहमीप्रमाणे विचारले, "वाटी कुठं हाये?"

बायजाबाईचा ओठ थरथरला. मान जरा पुढे आली. "व... वर," ती म्हणाली. "वर."

मास्तरांचा हात आपसूक कानाकडे गेला. ते वाकले आणि म्हणाले, "पूर्ण वाक्यात."

शब्द तोंडातून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळले. बायजाबाईचे तोंड मिटले होते. तिने मान घराच्या भिंतीकडे वळवली.

त्या दिवशी ती पुन्हा बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मास्तर खाटेच्या काठावर बसून विनवायचे, "चुकलं वं माह्यं. एक शब्द बोल. अर्धा बोल." ती डोळे मिटून घ्यायची. आयुष्यभर 'ऑन' म्हणून जो शब्द शिकवला, तोच तिच्या तोंडून पहिला आला आणि आपण तो परत पाठवला, या विचाराने मास्तर चुलीपुढे बसून रडले. भात करपला तरी त्यांना वास आला नाही.

रविवारी त्यांनी प्रेमलताला सगळे सांगितले. तिने आईच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "बाबा, आई एवढी बोले, पण एक तरी वाक्य तिनं पूर्ण केलं का कधी? मधातच दुसरं सुरू करे." मास्तरांना हसू आले आणि हसता हसता पुन्हा डोळे भरले. "तुमी आता काई इचारू नोका," प्रेमलता म्हणाली. "नुसते बसत जा तिच्यापाशी."

खोका आणि चेंडू शाळेत परत गेले. मास्तर नुसते बसू लागले. पण गप्प बसणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. भेटायला येणारे विचारायचे, बाईची तब्येत कशी आहे, जेवते का, झोपते का. मास्तर सगळ्याची उत्तरे द्यायचे, अर्थातच पूर्ण वाक्यात. हळूहळू लोक खाटेकडे न पाहताच मास्तरांना विचारू लागले. जाताना तिच्याकडे पाहून मान हलवायचे आणि निघायचे. मास्तरांच्या ते लक्षातही आले नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी बायजाबाईचे थोरले भाऊ, नत्थूजी, कुहीहून आले. धाकट्या मुलीच्या लग्नाचे सांगायला आले होते. तांदळाची थैली त्यांनी दारातच ठेवली, खुर्ची मास्तरांसमोर ओढली आणि थोडा वेळ धानाविषयी बोलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, बायजा येईन का लग्नाले? का तिले लई तरास होईन?"

"नाई जमणार तिले, नत्थूजी," मास्तर म्हणाले. "बसमधी हादरे बसते, अन् तिथं तिच्यापाशी कोण..."

"मले."

दोघेही वळले. प्रेमलता चहाचे कप घेऊन दारातच थांबली. बायजाबाई डाव्या कोपरावर जोर देऊन अर्धी उठली होती. मान ताठ होती आणि ती मास्तरांकडेच पाहत होती.

"मले," ती पुन्हा म्हणाली. "मले इचारा."

नत्थूजींनी खुर्ची उचलून खाटेजवळ नेली. "बायजे," ते म्हणाले, "पोरीच्या लग्नाले येशीन का वं?"

तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. पुन्हा हलले. नत्थूजी गोंधळले आणि त्यांनी मास्तरांकडे पाहिले, आता तुम्हीच सांगा अशा नजरेने. मास्तरांच्या जिभेवर उत्तर होते, कर्त्यापासून क्रियापदापर्यंत तयार. वर्गात एखादे पोर इतके अडले असते तर एव्हाना ते पुढच्या बाकाकडे वळले असते.

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि तिच्याकडे पाहत राहिले.

प्रेमलताने कप आवाज न करता खाली ठेवले. बायजाबाईचा डावा हात चादर घट्ट धरून होता आणि गळ्याची शीर वरखाली होत होती. चहावर साय धरली. मास्तर तिच्या शब्दाची वाट पाहत होते, अर्धा आला तरी.