चांदणीची मागली बाजू

आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी माझ्या दिराची चांदणी असायची. सहा टोकांची, पितळेसारख्या धातूची, बर्माच्या लढाईबद्दल सरकारनं दिलेली. दीर पितांबर नंदुरबारच्या ठेसनावर गाडीत बसला तो परत आला नाही. त्याच्या मागून टपालानं ही चांदणी आली. सासूबाईंनी ती वीर म्हणून, घरातल्या लढाईत गेलेल्या माणसाचा देव म्हणून, देवांत बसवली, आणि त्यांच्यामागं देव्हारा माझ्या हाती आला. मी वीराला काही कमी केलं नाही. रोज दूध, दही, हळद, कुंकू, वरून पाणी, आणि मग तसाच ओला ताम्हनात. दर होळीला वीर ताटात बसून डफांच्या मागं गावभर मिरवायचा. तापीकाठच्या आमच्या गावांत लोकांचे वीर म्हणजे सोनारानं ठोकलेले चांदीचे पत्रे. सरकारी शिक्क्याचा वीर आमचाच, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू द्यायची नाही.

पुढं चांदणी हिरवी पडत गेली. शेजारणी विचारायच्या, तर मी सांगायची, वीराला हिरवळ चढली म्हणजे औंदा कापूस चांगला. कापूस चांगला आला की माझं खरं व्हायचं. नाही आला, तर ज्याच्या शेतात आला नाही त्याची करणी.

दिराची बायको सिंधुबाई, माझी धाकटी जाऊ. कपाळ पांढरं झालेल्या बाईनं देवाला हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. चांदणी आली त्या दिवशी तेवढी ती तिच्या हातात होती. टपालवाल्यानं उलटी करून दाखवलं होतं, हे बघ बाई, इथं इंग्रजीत तुझ्या मालकाचं नाव ठोकलंय. तिनं त्यावरून बोट फिरवलं, आणि तेवढ्यात सासूबाईंनी चांदणी उचलली. तेव्हापासून ती देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसून लांबून हात जोडायची.

चीनच्या लढाईनंतरची होळी आली. त्या साली जिकडं तिकडं शिपायांचंच बोलणं. धुळ्याहून एक पेन्शनीतले सुभेदार येणार, वीराला हार घालणार, असा निरोप आला. मी म्हटलं, आता चांदणी अशी झळकली पाहिजे की सुभेदाराचे डोळे दिपतील. चिंच, राख, विटेची पूड आणि नारळाचा काथ्या घेऊन ओट्यावर बसले. देवाची भांडी मी अशीच घासते आणि माझ्या भांड्यांत लोक तोंड बघतात. पुढची बाजू झाली. उलटी केली, तर मागं सगळं हिरवं, दह्याच्या खरपुडीसारखं जाड.

सिंधुबाई दारात उभी होती. "जिजी, मांगली बाजू नका घसा."

"काबं? वीरनी पाठ मळेल ठेवू?"

"तठे त्यासनं नाव शे."

"नाव काय घसाई जास? आनि गयं, तं तू सांगजो लोकेसले. तुले तोंड नही शे का?"

नवऱ्याचं नाव तोंडात घ्यायचं नाही, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. टोमणा नेमका बसला म्हणून मला बरंच वाटलं. मी विटेची पूड आणखी घेतली आणि मनगट दुखेतो घासलं.

सुभेदार आले. माझ्या थोरल्या पोरानं, दगानं, नवरदेवासारखा फेटा बांधून ताट धरलं होतं. ताटात चांदणी अशी लखलखत होती की पोरं तिचे कवडसे भिंतीवर पाडत होती. सुभेदारांनी हार घातला, मग चांदणी उचलून उलटी केली. डोळ्यांजवळ नेली. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"याच्या मागं शिपायाचं नाव असतं," ते म्हणाले. "इथं तर आरसा झालाय. कोणाची ही?"

सारा गाव माझ्याकडं बघायला लागला. बोलायची पाळी आली की आजवर मी कधी मागं राहिले नाही. त्या दिवशी मात्र हातांना अजून चिंचेचा वास येत होता, ते मी पदराखाली घेतले.

"शिपायाची बायको आहे का?" त्यांनी विचारलं. "तिच्याच तोंडून ऐकू द्या."

बाया हसल्या. त्यांना वाटलं, आता काही उखाणा होतो. मी कशीबशी म्हणाले, "ती नाव घेत नाही, साहेब. आमच्यात तशी रीत..."

सिंधुबाई बायांच्या मागून पुढं आली. पदर कपाळापर्यंत मागं सारला.

"पितांबर," ती म्हणाली. "पितांबर रामजी. मांगे लिखेल व्हतं. आते कोठेच नही, म्हनीसन मी सांगस."

कोणी हसलं नाही. ती माझ्याकडं बघेल म्हणून मी वाट पाहत होते. प्रत्येक नजरेला माझ्याकडं उत्तर असतं. तिनं बघितलंच नाही, आणि मी मान खाली घालून स्वतःच्या पायाची बोटं बघत उभी राहिले. वीर नाचला, गुलाल उडाला. मी मिरवणुकीमागं चालले, पण सगळ्यांत मागं, आणि त्या जागेवर मी कधी चालले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी चांदणी ताम्हनातून काढली आणि सिंधुबाईच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

"धर," म्हटलं. "तुन्ही शे."

तिनं हात पुढं केला नाही. "देव्हारामाईन काढी?"

"काढी. बाटू दे मन्हा देव्हारा."

मग तिनं उचलली. आधी नव्या कापसानं कोरडी पुसली. घरातून तिळाच्या तेलाची वाटी आणली, अंगणातल्या बाभळीचा काटा मोडून आणला आणि उन्हात बसली. मागल्या बाजूच्या कडेला, दोन टोकांच्या बेचक्यात, काथ्या पोचला नव्हता तिथं थोडी हिरवळ उरली होती. तिनं तेल सोडलं आणि काट्याच्या टोकानं ती हळू हळू उचकायला लागली. मला पाहवेना, अन् उठवेना.

खालून एक खूण निघाली, आणि तिच्याजवळ अर्धी. तिला वाचता येत नाही. मी शाळेत गेले ती मराठी बाराखडीपुरती, ही अक्षरं इंग्रजी. पण तिनं बोट ठेवलं आणि डोळे मिटले.

"हाई शेवटलं," ती म्हणाली. "असंच व्हतं."

"दे, उरेल मी काढस," मी हात पुढं केला.

"नको जिजी." तिनं चांदणी मांडीकडं ओढली. "तेलवर माश्या यी ऱ्हायन्यात. तुम्ही त्या हाका."

या घरात लग्न होऊन आल्यापासून मला कोणी माश्या हाकायला सांगितलं नव्हतं. मी पदराचं टोक हातात घेतलं आणि हाकत बसले.