शुक्रवारचा पाऊस

रेनाटेच्या घरात खोडरबर नव्हता. नुपूर आठ वर्षांची असताना तिने आईच्या नोंदवहीत एक आकडा चुकीचा लिहिला आणि बोटाला थुंकी लावून पुसायला गेली. आई रागावली नाही. तिने लेकीच्या हातात पेन दिलं आणि दाखवलं: चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, मग सही आणि तारीख.

"चूक झाली होती, हेसुद्धा पुढच्या माणसाला कळलं पाहिजे," ती म्हणाली होती.

नोंदवही पावसाची होती. जर्मनीच्या वायव्य किनाऱ्यावर, एमडेनला, रेनाटेचे वडील रोज सकाळी साडेसातला अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजत. तिथे वर्षातले दोनशे दिवस मोजायला काहीतरी असे. कामाचं प्रशिक्षण घ्यायला तिकडे आलेल्या नाशिकच्या एका इंजिनिअरशी लग्न करून ती आधी नाशिकला आली, मग १९८६ मध्ये त्याच्या नोकरीमागे कतारला, मेसईदच्या खत कारखान्याच्या वसाहतीत. एमडेन सोडताना वडिलांनी तिला तसाच एक मापक दिला होता. वसाहतीतल्या घराच्या मागच्या अंगणात एका खांबावर तो बसला आणि रेनाटे रोज साडेसातला शून्य लिहू लागली. शून्य हाही आकडाच आहे, असं तिचं म्हणणं. शेजारच्या वसईच्या लिडियाकाकू गंमत करत, "रेणू, त्या डब्यात कोथिंबीर तरी लाव गो."

रेणू हे नाव सासूने ठेवलेलं. नवऱ्याला ती राजाभाऊ म्हणे, कारण सासरी सगळेच म्हणत. त्यातल्या भाऊचा अर्थ कळला तोवर सवय जडली होती.

आता २००८ चा मे महिना होता. राजाभाऊ निवृत्त झाले होते आणि जूनमध्ये दोघं नाशिकला जाणार होती. अल रय्यानला राहणारे डॉक्टर मजीद भूजलावर संशोधन करत होते. दोह्याबाहेरच्या पावसाची बावीस वर्षांची रोजची नोंद कुणा बाईकडे आहे, हे कळल्यावर ते स्वतः येऊन वह्या मागून गेले होते. रेनाटे तेव्हापासून सरळ पाठीने चालत होती. वह्या संगणकात उतरवायचं काम नुपूरचं. तिने नुकतीच पुण्याहून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केली होती.

गुरुवारी दुपारी ती १९९९-२००० च्या हिवाळ्यावर आली. त्या हिवाळ्यात पावसाच्या नऊच नोंदी होत्या. तारखेवरून वार काढणारं सूत्र तिने सहज लावलं आणि तिचा हात थांबला. एकोणीस नोव्हेंबर, शुक्रवार. तीन डिसेंबर, शुक्रवार. नऊच्या नऊ शुक्रवार. असं योगायोगाने घडण्याची शक्यता तिने काढली: चार कोटींत एक. पावसाला वार कळत नाही. शुक्रवारची सुट्टी कळते ती कारखान्याला, आणि त्या दिवशी घरी असणाऱ्या माणसाला.

तो हिवाळा तिला आठवत होता. ती पंधरा वर्षांची होती. ऑक्टोबरात एमडेनचे आजोबा गेले आणि आई वेळेवर पोचली नाही. परत आल्यावर तिने बोलणं टाकलं, सकाळी उठणं टाकलं. तीन आठवडे वहीची पानं कोरी होती.

राजाभाऊ मागच्या व्हरांड्यात खोक्यांना चिकटपट्टी लावत बसले होते. नुपूरने विचारलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"मीच ओतायचो," ते म्हणाले. "पहिल्यांदा ओतलं आणि आत जाऊन सांगितलं, रेणू, मापकात पाणी दिसतंय. तीन आठवड्यांनी ती त्या दिवशी उठली. लॉनवर पहाटे फवारे चालायचे, जमीन ओलीच असायची. तिला शंका आली नाही."

"आणि पुढचे आठ?"

राजाभाऊ चिकटपट्टी दातांनी तोडत बसले. मग म्हणाले, "नुपूर, सांगू नकोस तिला. बावीस वर्षांत पंचवीस मिलिमीटरने त्या मजीदसाहेबांचं काय अडणार आहे?"

"त्या हिवाळ्याचा सगळा पाऊसच पंचवीस मिलिमीटर आहे, बाबा."

"तुझ्या आईसारखं बोलू नकोस."

नुपूर टेबलापाशी परत आली. नऊ ओळी तशाच जाऊ दिल्या तर कुणाला कधी कळलं नसतं. पण खोटे आकडे आईच्या नावाने जाणार होते, आणि आई ते अभिमानाने देणार होती. सांगितलं तर आईचा नवऱ्यावरचा विश्वास जाईल, की वहीवरचा, हे तिला ठरवता येईना. कुठल्याच सूत्रात हे बसत नव्हतं.

संध्याकाळी रेनाटे दोह्यातल्या अल मुंतझाहून आली. शिंप्याकडची पिशवी खुर्चीत टाकून तिने विचारलं, "कुठवर आलीस?"

नुपूरने वही तिच्याकडे सरकवली. समोर संगणकावर वारांचा रकाना उघडा होता. "आई, वार बघ."

रेनाटेने चष्मा लावला. बोट एकेका ओळीवरून खाली गेलं, मग पुन्हा वर.

"राजाभाऊ," तिने आवाज दिला.

ते दारात येऊन उभे राहिले.

"कुठलं पाणी होतं?"

"बाटलीतलं. प्यायचं."

"मोजून ओतलंस?"

"अंदाजानं."

"अंदाजानं," रेनाटे म्हणाली. ओतण्यापेक्षा हेच तिला जास्त लागलेलं दिसलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी तेव्हा एमडेनला जायचं तिकीट काढलं होतं. एकटीचं. तुला माहीत होतं?"

"ड्रॉवरमध्ये पाहिलं होतं."

"सतरा मार्चला मी ते परत केलं. वाटलं, इथेही मोजण्यासारखं काहीतरी पडतंय." तिने वहीवर हात ठेवला. "म्हणजे मी तुझ्या बाटलीसाठी राहिले."

रेनाटेने फूटपट्टी आणि पेन घेतलं, पहिल्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. "सही. तारीख आजची."

त्यांनी सही केली. दुसरी रेघ, दुसरी सही. आठ झाल्या. नववी ओळ सतरा मार्च २००० ची होती, ५.२ मिलिमीटर. रेनाटेने पट्टी लावली.

"ही नको," राजाभाऊ म्हणाले. "ही खरी आहे."

"राजाभाऊ."

"मी बाटली घेऊन गेलो, तर आत आधीच पाणी होतं. रात्री पडून गेला असणार. मला इतकं दचकायला झालं की बाटली तिथेच उभ्याउभ्या पिऊन टाकली."

रेनाटेने लेकीकडे पाहिलं. नुपूरने विमानतळावरच्या पावसाचे आकडे काढले. "दोह्यात त्या रात्री काहीच नाही. पण चाळीस किलोमीटरवर पडू शकतो. इथला पाऊस तुकड्यातुकड्यानेच पडतो. यावरून काहीच सिद्ध होत नाही, आई."

"साक्षीदार एक," रेनाटे म्हणाली. "आणि तो आठ वेळा खोटं बोललेला."

"हो," राजाभाऊ म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली, रोज सकाळी काचेवरची रेघ नजरेच्या पातळीवर आणून बघे तशी. मग तिने पट्टी उचलली. ५.२ ला तिने हात लावला नाही. ओळीच्या शेवटी, निरीक्षकाच्या रकान्यात, तिची स्वतःची सही होती: रे. त्या अक्षरावर तिने एक आडवी रेघ मारली, खालचं अक्षर वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं: रा.

"ही नोंद तुझी," ती म्हणाली. "मजीदसाहेबांनी विचारलं तर उत्तर तू द्यायचं."

राजाभाऊ खुर्चीत बसले. नुपूरने ५.२ टाइप केलं, आणि पुढच्या रकान्यात निरीक्षकाचं नाव.