वाफेतली बाई

"आली! आली!"

लाँड्रीच्या गोदामात जमलेली माणसं एकदम मागे सरकली. मधोमध माझी ताई थरथरत होती. भूत उतरवणाऱ्या मांत्रिकबाबांनी तापल्या तव्यावर मंतरलेलं पाणी शिंपडलं होतं. चर्र झालं, वाफ उठली आणि ताईने किंकाळी फोडली.

"बोल, मेलीस तरी हिचा पिच्छा का सोडत नाहीस?" बाबा गरजले.

चार महिन्यांपूर्वी आमच्या लाँड्रीत वाफेचा नळ फुटला. ताईची जोडीदारीण तिच्या डोळ्यांदेखत भाजून गेली. तेव्हापासून ताई धड जेवत नव्हती, झोपत नव्हती. सगळे उपाय थकल्यावर दाजींनी बाबांचे पाय धरले.

"उद्या हिच्या कपाळावर डाग देतो," बाबा म्हणाले. "लोखंड लाल करून ठेवा."

दाजींनी मान डोलावली.

"दाजी, अहो, हो काय म्हणताय?"

"मग काय करू? हाताने पुरू तिला?"

मी धावत लाँड्रीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "ती किंचाळते कधी? मंत्र म्हटल्यावर, की चर्र झाल्यावर?"

मी चमकलो. बाबांच्या त्या मंतरलेल्या पाण्याला कपड्यांच्या खळीचा वास यायचा. आणि पहिल्याच दिवशी बाबांनी दाजींकडून अपघाताची खडान्‌खडा माहिती काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी लोखंड तापत असतानाच डॉक्टरीणबाई आल्या.

"बाबा, आज तवा थंडच ठेवा. बोलवा तिला."

मंत्र म्हणून म्हणून बाबांचा घसा बसला. ताई नुसती मुसमुसत होती.

"आज ती रुसलीय," बाबा म्हणाले. कुणीतरी फिसकन हसलं.

बाईंनी ताईचा हात धरला. "एकदाच त्रास देऊ?" ताईने मान डोलावली. मंत्र नाही, बाबा नाही. तापल्या तव्यावर खळीचे दोन थेंब. ताई किंचाळली.

बाईंनी तिला जवळ घेतलं. "भूत नाही हे. त्या दिवशी हा आवाज, हा वास आणि ते मरण मेंदूत एकमेकांना जोडलं गेलं. चर्र झालं, की विचाराच्या आधी भीती धावते. हा माणूस रोज तीच वाट तुडवून रुंद करत होता."

"ती वाट पुसता येईल?" दाजींनी रडत विचारलं.

"पुसली जात नाही. शेजारी दुसरी पाडायची. हळूहळू, तिच्या कलाने."

बाबा केव्हाच सटकले होते.

काल ताईने गार इस्त्रीवर हात ठेवला. खूप रडली, पण हात काढला नाही. "मला तिला बाहेर ओढता आलं नाही रे," ती म्हणाली. त्या दिवसाबद्दल ती चार महिन्यांत पहिल्यांदाच बोलली.

म्हणून हात जोडून सांगतो : घाबरलेल्या माणसाला कुणी झपाटलंय, ते शोधू नका. त्याने काय पाहिलंय, ते विचारा.