सिलोनची हवा

सिलोनला जायचं होतं कमरुन्निसानं. गेली तिची सासू. ते आठवलं की माझं डोकं अजून फिरतं. माझ्या तोंडाला लगाम न्हाई हे साऱ्या तांड्याला ठाऊक हाय, तवा झालं तसं सांगते.

निजामाचं राज होतं. हिंगोलीत कय्युमसेठचं कापडाचं दुकान होतं, अन् मी, रुक्माबाई, गावाबाहेरच्या तांड्यातून त्यांच्या घरी धुण्याभांड्याला यायची. कमरुन्निसा त्याची बायको. थंडी पडली की तिची छाती भरायची, ती शिमग्यापतोर मोकळी व्हायची न्हाई. खोकून खोकून भिताडाला धरून उभी राहायची. हैदराबादच्या डॉक्टरनं साफ सांगितलं, आणखी एक हिवाळा हिनं हितं काढला तर वाचायची न्हाई, गरम मुलखात समुद्राकाठी न्या.

सिलोनात कय्युमसेठचा एक दोस्त व्यापारी होता. चारी अंगानं समुद्र, ऐन पौषात अंगावर पांघरूण लागत न्हाई, नारळाखाली खाट टाकून खुशाल पडून राहा, असं त्यानं कळवलं. मी भांडी घासताना कमरुन्निसा माझ्यापाशी बसून हेच बोलायची. नारळाखालची ती खाट तिनं न पाहता शंभरदा पाहिली होती. जीव वाचवायची तेवढी एकच वाट होती, अन् ती तिला पक्की ठाऊक होती. दुकान धाकट्या भावावर, नासेरवर सोपवलं. घर अन् लेकरं सासूनं, खुर्शीदबीनं सांभाळायची असं ठरलं. दोघा नवरा-बायकोची तिकिटं आली.

आता त्यांची रीत सांगते. प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडाला रेशमी पट्टीत रुपया शिवून बांधतात. त्याला इमामजामिन म्हणतात. दुसरी रीत कुणी सांगत न्हाई, पण त्या घरात सगळे पाळायचे. सुनेनं सरळ 'निघते' म्हणायचं न्हाई. आधी म्हणायचं, अम्मी, माझ्या जागी तुमीच जावा. सासूनं म्हणायचं, न्हाई बेटी, तूच जा. असं दोन-तीनदा झालं की पट्टी बांधायची. पाव्हणा जेवायला बसा म्हणलं की आधी न्हाई म्हणतो, तसलंच हे. आमच्या तांड्यात असली भानगड न्हाई.

निघायच्या सकाळी शेजारपाजारच्या बाया जमल्या. टांगा दारात उभा होता. खुर्शीदबी पट्टी घेऊन पुढं आली. कमरुन्निसानं मान खाली घातली अन् रीतीप्रमाणं म्हणली, "अम्मी, तुमीच जावा. तुमचे गुडघे दुखतात, तिथं आराम पडंल."

खुर्शीदबीनं हातातल्या पट्टीकडं बघितलं. मग म्हणली, "एवढं मनापासून म्हणून राहिली, तर तुझं मन काहून मोडू?"

अन् स्वतःचाच दंड पुढं केला.

मला वाटलं म्हातारी थट्टा करून राहिली. कुठली थट्टा अन् काय! बाया म्हणू लागल्या, वा, सून असावी तर अशी. कय्युमसेठला एकच पडलेलं, चारचौघांत आईला आडवं कसं बोलायचं! बायको मरंल हे डॉक्टरनं त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. मेल्यानं जोड्याकडं बघत वेळ काढला. कमरुन्निसानं पट्टी हातात घेतली. ती शिवली होती तिच्या काडीएवढ्या दंडाच्या मापानं, सासूच्या दंडाला पुरंना. मला दोरा आणायला लावला. तो जोडून तिनं गाठ मारली, अन् मायलेकाला घेऊन टांगा गेला.

तो हिवाळा लई वाईट गेला. मी सिगडी पेटती ठेवायची, छातीला तेल चोळायची. सिलोनहून खुशाली यायची की अम्मीला हवा मानवली, अजून थोडं राहतो. एकदा मी म्हणलं, नासेरला सांग, तो घेऊन जाईल तुला. तिनं मान हलवली. आपणच जावा म्हणायचं अन् आपणच मागून जायचं, लोक काय म्हणतील? लोक! मला असा राग आला की मी सिगडीत उगाच कोळसे कोंबत बसले.

शिमग्याच्या तोंडावर ते परतले. खुर्शीदबी कुणाचा हात न धरता टांग्यातून उतरली. गाल वर आले होते. नारळाचं पोतं आणलं होतं. सून अंथरुणावरून सलाम करायला उठू लागली, तर तिला म्हणते, "बरं झालं तू न्हाई आलीस. नुसतं उकडतं तिथं. तुला सोसलं नसतं."

शिमगा व्हायच्या आतच कमरुन्निसा गेली.

मयताच्या घरी बाया बसल्या होत्या. खुर्शीदबी छाती पिटून सांगत होती, मी लई म्हणलं चल, तीच न्हाई म्हणली, माझ्या गुडघ्यासाठी माझ्या बेटीनं जीव दिला. खरं काय ते त्याच बायांनी डोळ्यानं पाहिलं होतं, तरी सगळ्या माना हलवून राहिल्या होत्या. शेजारच्या जाहेदाबीनं आपल्या नव्या सुनेची हनुवटी धरली अन् म्हणली, शिक, हिच्याकडून काही शिक.

मग मला राहवलं न्हाई. मी उठून त्या पोरीचा हात धरला.

"काही शिकू नको," मी म्हणलं. "ही मेली."

पोरगी घाबरली. तिनं हात सोडवून घेतला, डोक्यावरची ओढणी पुढं ओढली अन् सासूला म्हणली, "जी, अम्मी."