संरक्षित झाड क्रमांक त्रेसष्ट

डेस्मंड कल्पिनच्या विधवा बहिणीनं अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा लग्न केलं, आणि तेही एका बसचालकाशी, म्हणून अर्धं घर महिनाभर एकमेकांशी बोललं नाही, ते वर्ष एकोणीसशे सत्त्याण्णव. लग्न जुलैच्या पहिल्या शनिवारी झालं. सोमवारी डेस्मंड कचेरीत आला तेव्हा लग्नात उधळलेले रंगीत कागदाचे तुकडे अजून त्याच्या कोटाच्या खिशात होते, आणि टेबलावर विद्यापीठाकडून आलेला पाहणीचा फॉर्म पडला होता.

मार्लफोर्डच्या नगर परिषदेत डेस्मंड बावीस वर्षं झाडांचा अधिकारी होता. एखाद्या झाडावर परिषदेनं संरक्षणाचा हुकूम काढला, की ते कुणाच्या परसात का असेना, परवानगीशिवाय त्याची फांदीही तोडता येत नसे. असे चारशे बारा हुकूम डेस्मंडच्या लोखंडी कपाटात होते. देशभरच्या परिषदा हे जुने हुकूम पुन्हा तपासतात का आणि कसे, एवढंच विद्यापीठाला हवं होतं. आठवा प्रश्न होता, शेवटची तपासणी कधी झाली. डेस्मंडनं पेन न अडखळता लिहिलं, ‘जानेवारी १९९५. दर पाच वर्षांनी होते.’

ते खोटं नव्हतं. दर पाच वर्षांनी जानेवारीत दोन दिवस कपाट रिकामं होई. तो आणि त्याचा वरिष्ठ ट्रेव्हर गार्साइड फायली टेबलांवर मांडत, मोजत, नोंदवहीशी ताडून बघत आणि प्रत्येकीवर निळा शिक्का मारत, ‘तपासले’. ट्रेव्हरची बायको त्या दिवसांत आल्याचा केक पाठवी. चारशे बाराच्या चारशे बारा भरल्या, की दोघं हात झटकून चहाला जात. त्यांच्याआधीच्या अधिकाऱ्यानंही असंच केलं होतं.

फॉर्म पोचल्यावर दहा-बारा दिवसांनी विद्यापीठातून फोन आला. रोझलिंड पाइक नावाची मुलगी होती. आवाज तरुण, पण कामाचा.

“मिस्टर कल्पिन, तुमचं उत्तर फार चांगलं आहे. बहुतेकांनी ‘कधीच नाही’ असं लिहिलंय. एक विचारायचं होतं. या तपासणीत झाडापाशी कोण जातं?”

“झाडापाशी?”

“हो. म्हणजे झाड अजून आहे का, कसं आहे, ते बघायला.”

डेस्मंड हसला. मग त्याचं हसू मधेच विरलं. “मी तुम्हाला परत फोन करतो, मिस पाइक,” म्हणून त्यानं फोन ठेवला आणि कपाट उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी जुने नकाशे काखेत मारून निघू लागला. पहिल्या आठवड्यात चाळीस झाडं बघायची ठरवली, त्यातली अकरा जागेवरच नव्हती. एका लिंडनच्या झाडाच्या जागी पेट्रोल पंप होता. त्यांच्या फायलींवर ‘तपासले’चे शिक्के मात्र होते, तिन्ही अधिकाऱ्यांच्या हातचे.

ऑगस्टच्या सुरुवातीला, ऐन उन्हाळ्यात, तो क्रमांक त्रेसष्टला पोचला. चर्च गल्लीच्या टोकाला मिस एनिड ऑटवेंच्या परसातला बीच जातीचा मोठा वृक्ष. एक्कावन्न सालच्या हुकुमात लिहिलं होतं, ‘सुदृढ, डौलदार.’ दोन वर्षांपूर्वी मिस ऑटवेंनी तो तोडायला परवानगी मागितली होती, आणि डेस्मंडनं खुर्चीतून न उठता, तोच एक्कावन्न सालचा शब्द उचलून नकार कळवला होता.

बुंध्याशी बुरशीच्या तपकिरी चकत्या थरावर थर चढल्या होत्या. त्यानं लाकडी हातोडीनं ठोकून पाहिलं. आवाज पोकळ आला. वर जिथून मोठी फांदी फुटत होती तिथं हात जाईल एवढी फट होती. आणि त्याच फांदीखाली एक लाकडी खुर्ची, गादी, आणि चहाचा कप घेऊन मिस ऑटवे बसल्या होत्या. त्यांनी चाळीस वर्षं टपाल कचेरीची खिडकी सांभाळली होती.

“या, मिस्टर कल्पिन. झाड चोरीला गेलं नाही ना, बघायला आलात?”

“मिस ऑटवे, जरा इकडे येता? तिथं बसू नका.”

“का बरं?”

“झाड आतून कुजलंय. ही फांदी केव्हाही खाली येईल. वाराही लागणार नाही. उन्हाळ्यात अशी पडते ती.”

म्हातारी घरात गेली आणि पत्र घेऊन आली. चष्मा नाकावर ओढून तिनं त्याचंच पत्र त्याला वाचून दाखवलं. “‘सदर वृक्ष सुदृढ असून नगराची शोभा आहे.’ सही तुमची. हे वाचून मी भांडण सोडलं, गादी शिवून घेतली आणि इथं बसायला लागले. आता म्हणता कुजलंय.”

“मी तेव्हा बघायला आलो नव्हतो.”

“मग हे लिहिलं कसं?”

“चूक झाली माझी. पण आता खरं सांगतोय.”

“तोंडी?” मिस ऑटवे म्हणाल्या. “चाळीस वर्षं खिडकीवर प्रत्येकजण मला तोंडी काहीतरी सांगायचा. मी कागद मागायचे. तुम्ही लिहून द्या. मी त्याच मिनिटाला खुर्ची हलवते, आणि झाड तोडायला माणूस बोलावते.”

“देतो.”

“मग तोवर माझा चहा गार होतोय.”

ट्रेव्हरनं पाइपात तंबाखू भरत सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. “डेस, तू काय बोलतोयस कळतंय का? आपणच नकार दिलाय. आता ‘कुजलंय’ असं लिहिलंस तर उद्या दहा जण नकाराची पत्रं घेऊन दारात. एकवीस तारखेला, गुरुवारी, समितीची बैठक आहे. तिथून हुकूम रीतसर उठवू.”

“ती रोज त्याच्याखाली बसते, ट्रेव्हर.”

“मग सांग तिला बसू नकोस.”

“सांगितलं. तिला कागद हवाय.”

“गुरुवारपर्यंत नाही. आणि त्या विद्यापीठवालीला परत फोन करायचा नाही. फॉर्ममध्ये दर पाच वर्षांनी लिहिलंय, तेच राहू दे.”

बावीस वर्षं एका खोलीत काढलेल्या माणसाशी भांडण कसं करतात हे डेस्मंडला ठाऊक नव्हतं. तो आणखी दोनदा चर्च गल्लीत गेला. दोन्ही वेळा म्हातारी खुर्चीतच होती. “आणलात?” तिनं कुंपणापलीकडून विचारलं. “गुरुवारी,” तो म्हणाला. “ठीक,” ती म्हणाली आणि विणकामाकडे वळली.

अठरा तारखेला, सोमवारी, त्याच्यानं राहवेना. ट्रेव्हर जेवायला गेला तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. झाड धोकादायक आहे, खाली बसू नये, तोडायला परवानगीची गरज नाही, आधीचं पत्र न बघता लिहिलं होतं. खाली पूर्ण नाव घातलं. मन हलकं झालं. लिफाफा चिकटवला आणि रोजच्या सवयीनं दाराशेजारच्या जावक टोपलीत टाकला.

परिषदेची सगळी पत्रं त्या टोपलीतून स्वस्त टपालानं जात. ती दोन दिवसांनी पोचत. हे त्याला घरी, जेवताना आठवलं. चर्च गल्ली कचेरीपासून बारा मिनिटांवर होती. उद्या सकाळी टोपलीतून काढून स्वतः नेऊन देऊ, असं तो बायकोला म्हणाला. सकाळी आला तर टोपली रिकामी होती. टपालवाला आदल्या संध्याकाळीच घेऊन गेला होता. मग डेस्मंडनं दुसरं पत्र लिहायला घेतलं, आणि ट्रेव्हर आत आला म्हणून ते खणात सारलं. दुपारच्या चहानंतर नेऊ, असं ठरवलं.

मंगळवारी वारा अजिबात नव्हता.

पत्र बुधवारी सकाळी पोचलं. मिस एनिड ऑटवे मंगळवार, १९ ऑगस्ट १९९७ रोजी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, आपल्या परसात, बीचची फांदी अंगावर पडून वारल्या. त्यांचं वय एकोणऐंशी होतं.